स्टीपलचेसचा पहिला ऑलिम्पिक विजेता : जॉर्ज ऑर्टन

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट 2024 मध्ये बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला आणि अकरावा आला. या प्रकारात ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष धावपटू होय. त्यापूर्वी 2016 साली साताऱ्याच्या ललिता बाबर हिने रिओ येथे महिलांच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला होता. महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील या दोन धावपटूंमुळे स्टीपलचेस हा शब्द आता मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. मात्र ऑलिम्पिकमधील या शर्यतीचा आरंभ पॅरिस शहरातच, 124 वर्षांपूर्वी झाला आणि त्या पहिल्या शर्यतीचा विजेता एका निकामी हाताने धावणारा, भाषाशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेला विद्यापीठीय खेळाडू होता, ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. त्याच्या स्वतःच्या देशालाही ती कित्येक दशके ठाऊक नव्हती.

जॉर्ज वॉशिंग्टन ऑर्टन यांचा जन्म 10 जानेवारी 1873 रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात स्ट्रॅथरॉय या छोट्या गावी झाला. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांचे नाव धारण करणारा हा मुलगा कॅनडाचा, आणि त्याचे पुढचे बहुतेक आयुष्य मात्र अमेरिकेत गेले. नावातच जणू पुढील घोटाळ्याची सोय होऊन राहिली होती.

तीन वर्षांचे असताना ते झाडावरून पडले. मेंदूला इजा झाली, रक्ताची गाठ धरली आणि शरीर लुळे पडले. पुढची कित्येक वर्षे त्यांना नीट चालता येत नव्हते. इतर मुले धावण्या-खेळण्याच्या वयात हा मुलगा पुन्हा पाऊल टाकण्यास शिकत होता. पायांत हळूहळू बळ आले, पण उजवा हात कायमचा अधू राहिला. एकदा पाय मोकळे झाल्यावर मात्र त्यांना धावण्याचेच वेड लागले. गावात कुठेही जायचे तर ते चालत न जाता पळत जात, असे त्यांच्या बालपणाविषयी सांगतात.

हाताचा आणि धावण्याचा संबंध काय, असे सामान्य वाचकाला वाटणे शक्य आहे. प्रत्यक्षात मध्यम व लांब पल्ल्याच्या धावण्यात दोन्ही हातांची हालचाल पायांच्या गतीला लय देते आणि शरीराचा तोल सांभाळते. अडथळ्यावरून उडी घेताना तर विरुद्ध बाजूचा हात पुढे झेपावला नाही, तर धड एका बाजूस फिरते आणि पाऊल जमिनीवर वाकडे पडते. ऑर्टन यांनी पुढे जो प्रकार आपलासा केला, तो नेमका अडथळ्यांचा होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

टोरांटो विद्यापीठात शिकत असताना 1892 साली त्यांनी एक मैलाचे अंतर 4 मिनिटे 21.8 सेकंदांत पूर्ण केले. कॅनडाचा हा विक्रम पुढे चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. 1893 मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी 1894 मध्ये एम. ए. आणि 1896 मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषय होता लॅटिनपासून निघालेल्या युरोपीय भाषांचा, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आदी भाषांचा अभ्यास. सकाळी व्याकरणाची पोथी आणि सायंकाळी मैदान, असा त्यांचा दिनक्रम असावा. भाषेच्या अभ्यासकाला चिवटपणा लागतो हे मान्य केले, तरी विद्यावाचस्पती झालेला गृहस्थ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकतो, हे दृश्य त्या काळातही दुर्मिळच होते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ त्या वेळी अमेरिकी मैदानी खेळांचे अग्रणी केंद्र होते. विद्यापीठाचे फ्रँकलिन फील्ड हे मैदान 1895 मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी पेन रिलेज ही आजतागायत प्रसिद्ध असलेली स्पर्धा तेथे सुरू झाली. माइक मर्फी यांच्यासारखा नामांकित प्रशिक्षक विद्यापीठाला लाभला होता. या वातावरणात ऑर्टन यांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील मैलाची शर्यत 1895 आणि 1897 अशी दोनदा जिंकली. 1892 ते 1901 या काळात त्यांनी अमेरिकेची सतरा राष्ट्रीय विजेतेपदे पटकाविली. त्यांत मैलाची शर्यत होती, क्रॉस कंट्री होती, आणि सर्वाधिक वाटा दोन मैलांच्या स्टीपलचेसचा होता. इंग्लंडचे स्टीपलचेसचे विजेतेपदही त्यांनी तेथे जाऊन मिळविले. कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंड या तीन देशांत मिळून त्यांनी जिंकलेल्या शर्यतींची संख्या शंभराच्या वर जाते.

स्टीपलचेस या शब्दाचा मूळ अर्थ चर्चच्या मनोऱ्याच्या दिशेने धावणे असा आहे. ब्रिटिश बेटांत घोडेस्वार एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत वाटेतील कुंपणे, दगडी बांध, ओढे ओलांडत शर्यत लावीत. दूरवर दिसणारा मनोरा हीच दिशा. पुढे 1850 मध्ये ऑक्सफर्डमधील विद्यार्थ्यांनी घोडे वजा करून हीच शर्यत आपल्या पायांनी धावून पाहिली आणि त्यातून मैदानी खेळांतील स्टीपलचेस जन्माला आली. म्हणजे हा प्रकार मुळातच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हौसेचा. आज पुरुष व महिला दोघांसाठीही तीन हजार मीटर अंतर, अठ्ठावीस लाकडी अडथळे आणि सात वेळा पाण्यावरील उडी असे त्याचे ठरीव रूप आहे. पुरुषांसाठी तीन हजार मीटर हे अंतर ऑलिम्पिकमध्ये 1920 साली आले आणि महिलांना तर 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकपर्यंत वाट पाहावी लागली. ऑर्टन यांच्या काळी मात्र अंतर किती, अडथळे किती व कसे, हे आयोजकांच्या मर्जीवर असे.

पॅरिसचे 1900 सालचे ऑलिम्पिक हा तर मर्जीचाच कारभार होता. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मे ते ऑक्टोबर या काळात शेकडो स्पर्धा भरविण्यात आल्या. त्यांतील कोणत्या ऑलिम्पिकच्या आणि कोणत्या निव्वळ प्रदर्शनाच्या, याचा वाद इतिहासकारांत नंतर बराच काळ चालला. ऑलिम्पिक हा शब्द फारसा वापरलाच गेला नाही आणि आपण ऑलिम्पिकमध्ये खेळलो हे कित्येक खेळाडूंना आयुष्यभर कळले नाही. विजेत्यांना बहुधा चषक किंवा शोभेच्या वस्तू देण्यात आल्या. धावण्याच्या स्पर्धा बुलोन्यच्या वनराईत, रेसिंग क्लब द फ्रान्सच्या मैदानावर झाल्या. तेथे आखीव धावपट्टी नव्हती. गवतावर पाचशे मीटरची फेरी आखून देण्यात आली होती. जमीन उंचसखल होती आणि आजूबाजूला झाडे होती.

कॅनडाने या स्पर्धेसाठी संघ पाठविलाच नव्हता. ऑर्टन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघाबरोबर गेले. त्या संघात चार वैयक्तिक शर्यती व उड्या जिंकणारे अल्विन क्रेन्झलाइन, वॉल्टर ट्यूक्सबरी, आयर्व्हिंग बॅक्स्टर असे नामवंत खेळाडू होते. प्रवेशिकेत ऑर्टन यांच्या नावापुढे विद्यापीठ होते आणि विद्यापीठ अमेरिकेचे होते. घोटाळा येथे झाला.

15 जुलै 1900 हा रविवार होता. रविवारी खेळणे धर्मबाह्य, असे मानणाऱ्या अनेक अमेरिकी विद्यापीठांनी आपल्या खेळाडूंना त्या दिवशी मैदानात उतरण्यास मनाई केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने हा निर्णय खेळाडूंवर सोपविला होता. या प्रश्नावरून त्या दिवशी कटुताही आली. लांब उडीत सिराक्युज विद्यापीठाचे मायर प्रिन्स्टाइन आदल्या दिवशीच्या उडीच्या बळावर आघाडीवर होते, पण रविवारी त्यांना उडी मारू देण्यात आली नाही. क्रेन्झलाइन रविवारी उतरले आणि एका सेंटीमीटरने सुवर्णपदक घेऊन गेले. प्रिन्स्टाइन ज्यू होते, त्यांचा विश्रांतीचा दिवस शनिवार, आणि शनिवारी ते खेळलेही होते. बंदी आली ती त्यांच्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या रविवारामुळे. ऑर्टन यांनी त्या रविवारी धावण्याचे ठरविले.

त्या दिवशी त्यांची पहिली शर्यत चारशे मीटर अडथळ्यांची होती. आयोजकांनी अडथळे म्हणून तारेचे लांबच लांब खांब आडवे टाकले होते आणि शेवटी पाण्यावरून उडी ठेवली होती. ट्यूक्सबरी पहिले आले, फ्रान्सचे आंरी तोझँ दुसरे आणि ऑर्टन तिसरे. खरे तर अंतिम फेरीत धावले तिघेच. तेव्हा हे कांस्यपदक फार मोठे मानण्याचे कारण नाही, पण कॅनडाच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिम्पिक पदक ठरले.

त्यानंतर तासाभराच्या आतच अडीच हजार मीटर स्टीपलचेससाठी सहा धावपटू उभे राहिले. त्यांत इंग्लंडचे सिडनी रॉबिन्सन, यजमान फ्रान्सचे जाक शास्तानिए, अमेरिकेचे आर्थर न्यूटन यांचा समावेश होता. ऑस्ट्रिया व जर्मनीचाही एकेक धावपटू होता. वाटेत कुंपणे, दगडी बांध आणि पाण्याचा चर होता. ऑर्टन नुकतीच एक शर्यत धावून आलेले, आणि पोटाच्या विकारामुळे प्रकृतीही साथ देत नव्हती. आरंभापासून आघाडी धरण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. बाकीचे वेग वाढवीत असताना ते मागे राहिले, आणि शेवटच्या फेरीपर्यंत त्यांच्या विजयाची चिन्हे नव्हती. मग त्यांनी एकेकाला मागे टाकण्यास प्रारंभ केला. रॉबिन्सन पुढे होते. शेवटच्या टप्प्यात ऑर्टन यांनी त्यांनाही गाठले आणि 7 मिनिटे 34.4 सेकंद या वेळेत शर्यत जिंकली. रॉबिन्सन दुसरे, शास्तानिए तिसरे, न्यूटन चौथे.

मैलाच्या धावपटूचा शेवटचा वेग हे त्यांचे खरे भांडवल होते. अडथळ्यांवर अधू हातामुळे जे गमवावे लागे, ते ते सपाटीवर वसूल करीत, असे त्यांच्या एकूण कारकिर्दीकडे पाहून म्हणता येते.

दुसऱ्या दिवशी चार हजार मीटर स्टीपलचेसमध्ये मात्र शरीराने असहकार पुकारला. जॉन रिमर, चार्ल्स बेनेट आणि रॉबिन्सन या तीन ब्रिटिश धावपटूंनी पहिले तीन क्रमांक घेतले आणि ऑर्टन पाचवे आले. याच दिवशी याच मैदानावर दोनशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत क्रेन्झलाइन यांच्यामागून दुसरा आलेला धावपटू कोलकात्याचा होता. सेंट झेवियर्स कॉलेजचे नॉर्मन प्रिचर्ड यांनी त्या दिवशी रौप्यपदक मिळविले आणि पुढच्या आठवड्यात सपाट दोनशे मीटरमध्ये दुसरे. ऑर्टन आणि प्रिचर्ड यांच्या नोंदींचे भवितव्य काहीसे सारखे आहे. प्रिचर्ड यांची पदके आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या दप्तरी भारताच्या नावे आहेत; जागतिक मैदानी खेळ महासंघाने मात्र आपल्या आकडेवारीत ती ब्रिटनच्या खात्यात दाखविली. पॅरिसमध्ये देश ही बाब इतकी सैल होती, की ऑस्ट्रेलियाचे स्टॅन रॉली यांना ब्रिटिश संघात खेळाडू कमी पडला म्हणून पाच हजार मीटरच्या सांघिक शर्यतीत घेण्यात आले. ते मूळचे आखूड पल्ल्याचे धावपटू असल्याने थोड्याच वेळात चालू लागले आणि तरीही त्या संघाला सुवर्णपदक मिळाले.

मायदेशी ऑर्टन यांचे ना स्वागत झाले, ना नोंद. त्यांचे सुवर्णपदक अमेरिकेच्या यादीत गेले. 1904 च्या सेंट लुई ऑलिम्पिकमध्ये माँट्रिऑलचे पोलीस शिपाई एत्येन देमार्तो यांनी वजनफेकीत पहिला क्रमांक मिळविला, आणि कॅनडाचा पहिला सुवर्णपदकविजेता म्हणून दीर्घकाळ त्यांचेच नाव घेतले जात राहिले. ऑर्टन यांनी याविरुद्ध मोहीम उघडल्याचे दिसत नाही. ते फिलाडेल्फियात रमले होते.

त्या काळी हौशी आणि व्यावसायिक खेळाडू यांच्यामध्ये जवळजवळ सोवळ्या-ओवळ्याचा भेद होता. ज्याने धावण्याचे पैसे घेतले, त्याला हौशी स्पर्धांची दारे बंद होत. हा नियम किती कठोर होता, याचे उदाहरण 1913 मध्ये जिम थॉर्प यांच्या रूपाने जगाने पाहिले. बेसबॉल खेळून किरकोळ मानधन घेतल्याचे कारण देऊन 1912 ची त्यांची दोन्ही सुवर्णपदके काढून घेण्यात आली. एकमेव विजेते म्हणून त्यांचे नाव पूर्ववत लागण्यास 2022 साल उजाडले. नियम नैतिकतेच्या नावाने सांगितला जाई, पण ज्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही त्यालाच तो पाळणे सोपे होते. ऑर्टन शर्यतींच्या पैशाकडे वळले नाहीत. स्पर्धात्मक धावणे संपल्यावर मात्र खेळ हाच त्यांचा पेशा झाला, आणि तो अनेक वाटांनी.

शाळांतून अध्यापन त्यांनी केलेच. त्याबरोबर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात धावपटूंना शिकविले. 1903 मध्ये लांब पल्ल्याच्या व क्रॉस कंट्री धावण्यावरील त्यांचे मार्गदर्शनपर पुस्तक प्रसिद्ध झाले. याच वर्षी विद्यापीठातील जुन्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी न्यू हॅम्पशायर राज्यात विनिपेसॉकी सरोवराच्या काठी मुलांसाठी टेकमसे नावाचे उन्हाळी शिबिर उभारले. पोहणे, नौकानयन, धावणे आणि मैदानी खेळ हा तेथील दिनक्रम. कुमारांसाठी त्यांनी शिबिरजीवनावरील कथाही लिहिल्या. स्वतःचे बालपण अंथरुणावर गेलेल्या माणसाने मुलांना रानात आणि पाण्यात खेळविण्याचा उद्योग आरंभावा, यामागील प्रेरणा शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

फिलाडेल्फियात आइस हॉकी रुजविण्याचे श्रेयही ऑर्टन यांना दिले जाते. कॅनडाचा हा राष्ट्रीय छंद त्यांनी बरोबर नेला, विद्यापीठाच्या पहिल्या संघात ते स्वतः खेळले आणि शहरात क्लब उभे केले. फुटबॉलही ते खेळत. ज्या शहरात आज हॉकीच्या सामन्याला मोठे स्टेडियम भरते, तेथे बर्फावरची ही काठी प्रथम हातात धरणाऱ्यांत एक हात धड नसलेला माणूस होता.

1919 ते 1925 या काळात त्यांनी पेन रिलेजचे व्यवस्थापन पाहिले. ज्या मैदानावर विद्यार्थी म्हणून ते धावले, तेथील सर्वांत मोठी स्पर्धा आता त्यांच्या देखरेखीखाली होऊ लागली. 1926 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त फिलाडेल्फियात एक अवाढव्य स्टेडियम बांधण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॅक डेम्प्सी व जीन टनी यांची मुष्टियुद्धाची लढत तेथे सुमारे एक लाख वीस हजार प्रेक्षकांनी पाहिली. उत्सव संपल्यावर एवढ्या मोठ्या वास्तूचे करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही नगरपालिकेला पडतो, तसा तो फिलाडेल्फियालाही पडला. 1928 ते 1934 या काळात या नगरपालिका स्टेडियमचे संचालक म्हणून ऑर्टन यांनी काम पाहिले. ही वर्षे जागतिक मंदीची होती, हे लक्षात घेता ते काम सुखाचे नसणार. हेच स्टेडियम पुढे जॉन एफ. केनेडी यांच्या नावाने ओळखले गेले आणि 1992 मध्ये पाडण्यात आले.

जॉर्ज ऑर्टन यांचे 24 जून 1958 रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी निधन झाले. त्या वेळीही ऑलिम्पिकच्या नोंदींत ते अमेरिकी विजेते होते. 1970 च्या दशकात कॅनडातील अभ्यासकांनी जुन्या याद्या तपासताना ही चूक लक्षात आणून दिली. 1977 मध्ये कॅनडाच्या क्रीडा सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला, आणि 1996 मध्ये त्या देशाच्या ऑलिम्पिक सन्मान दालनातही.

अधू हाताची हकिकत त्यानंतरही बराच काळ मागेच राहिली. शारीरिक अपंगत्वासह ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा पहिला खेळाडू म्हणून 1904 मध्ये लाकडी पाय लावून जिम्नॅस्टिक्समध्ये तीन सुवर्णपदके मिळविणारे अमेरिकेचे जॉर्ज आयसर यांचे नाव सांगितले जाते. कॅनडातील क्रीडापत्रकार मार्क हेब्शर यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात ऑर्टन यांच्या बालपणीच्या अपघाताचा व निकामी हाताचा तपशील मांडला आणि हा मान चार वर्षे आधीच्या पॅरिसकडे जातो, असा दावा केला. स्वतः ऑर्टन यांनी हाताविषयी जाहीरपणे फारसे बोलल्याची नोंद नाही. आज आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या यादीत 15 जुलै 1900 ची त्यांची दोन्ही पदके, सुवर्ण आणि कांस्य, कॅनडाच्या नावापुढे आहेत.